सीबीआयची नोटीस, बँक कर्ज प्रकरण (यावल): आधी हजर व्हायचे की आधी अटकपूर्व जामीन?

केळीपट्टा_यावल यांचा प्रश्न

राम राम मंडळी. माझे मोठे दाजी सरकारी बँकेत अधिकारी आहेत. २०१९ ते २०२१ या काळात यावल तालुक्यातल्या एका शाखेचे ते शाखाधिकारी होते. आता बदलीने धुळ्याला आहेत. परवा त्यांना सीबीआयची लेखी नोटीस हातात मिळाली, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५(३). पुढच्या आठवड्यात मुंबईच्या कार्यालयात कागदपत्रे घेऊन हजर राहायचे आहे.

एफआयआर बँकेच्या तक्रारीवरून झाला आहे. केळी पिकवणी केंद्र (रायपनिंग चेंबर) आणि शीतगृहासाठी सहा जणांना दिलेली कर्जे थकली, व्याजासह साडेचार कोटी. आरोप असे: मूल्यांकन फुगवले, यंत्रांची बिले खोटी, पैसे पुरवठादाराकडून फिरून कर्जदारांच्याच माणसांकडे गेले. कलमे भादंवि १२०ब, ४२०, ४६७, ४६८, ४७१ आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १३(२) सह १३(१)(अ). आरोपी क्रमांक १ दाजी, मग कर्जदार, मूल्यांकनकार आणि शेवटी 'अनोळखी सरकारी नोकर व खासगी व्यक्ती'.

विचारायचे ते असे. नोटीस आली म्हणजे अटक होणारच का? जबाबात गप्प राहता येते का? अर्ज जळगावला करायचा, संभाजीनगरला की मुंबईला? दोन कर्जदार म्हणत आहेत की सगळे मिळून एकच मोठा वकील लावू, खर्च वाटून घेऊ. आणि बँकेनेही खात्यांतर्गत आरोपपत्र दिले आहे, उत्तराला १५ दिवस. बहीण फार घाबरली आहे. नेमके सांगाल तर उपकार होतील.

कोर्टआवार_जळगाव

भाऊ, तुमच्या चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीचे सगळे वाया जाते. एकच वकील अजिबात नको. दाजींचा बचाव असा असणार की कर्जदारांनी आणि मूल्यांकनकाराने खोटे कागद पुढे केले आणि मी ते नेहमीच्या पद्धतीने तपासून शिफारस केली. कर्जदारांचा बचाव असणार की साहेबांनी सांगितले तिथे आम्ही सह्या केल्या. हे दोन बचाव एका वकीलपत्रात बसत नाहीत. उद्या सहापैकी एकाने माफीचा साक्षीदार व्हायचे ठरवले (संहितेचे कलम ३४३), तर त्याच वकिलाने त्याची उलटतपासणी दाजींसाठी कशी घ्यायची? खर्च वाटून घ्यायच्या बैठकाही बंद करा. सहआरोपी एकत्र बसले, कागद फिरवले, व्हॉट्सअॅपवर काय सांगायचे ते ठरवले, हे सगळे कटाच्या कलमाला पूरक पुरावा म्हणून वापरता येते. आणि भीतीपोटी जुने मेसेज पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि जामिनाला विरोध करताना सरकारी पक्ष सर्वांत आधी तोच मुद्दा उचलतो.

आता नोटीस. खरी आहे ना, हे आधी पाहा. हल्ली सीबीआयच्या नावाने फोनवर 'डिजिटल अटक' दाखवून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. अशी अटक कायद्यात नाही आणि खरी यंत्रणा नोटिशीसोबत कधीही पैसे मागत नाही. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नका असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. तुमची हाती मिळालेली आहे, म्हणजे खरीच असावी, तरी तीवरचा आरसी क्रमांक पाहा. सीबीआयच्या एफआयआरला आरसी, म्हणजे रेग्युलर केस म्हणतात. तो क्रमांक घेऊन सीबीआयच्या संकेतस्थळावरून एफआयआरची प्रत काढा. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा २०१६ चा आदेश आहे.

तीन प्रकारच्या नोटिशी लोक एकच समजतात. कलम ९४ ची नोटीस फक्त कागद किंवा वस्तू हजर करायला असते. कलम १७९ ची साक्षीदाराला बोलावते. कलम ३५(३) ची ज्याच्यावर वाजवी संशय आहे पण सध्या अटकेची गरज वाटत नाही, त्याला असते. दाजींची तिसरी आहे, म्हणजे ते संशयित आहेत, पण त्यांना एक संरक्षणही मिळाले आहे: नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य करत राहिले तर अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करायची नाही, असे उपकलम ५ सांगते. हजर न राहिल्यास उपकलम ६ प्रमाणे अटकेचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे तारीख चुकवणे हाच सर्वांत मोठा धोका. आजारपण किंवा वकील उपलब्ध नसणे अशी खरी अडचण असेल तर तारखेच्या आधी ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, कागद जोडून, पुढची नेमकी तारीख मागा. नुसते 'वेळ द्यावा' लिहू नका.

अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागता येतो. कोणत्या न्यायालयात, हे एफआयआर पाहून ठरते. त्यात घटनास्थळ दिलेले असते आणि प्रत कोणत्या विशेष न्यायाधीशांकडे पाठवली तेही नोंदवलेले असते. भ्रष्टाचाराचे कलम असल्याने प्रकरण विशेष न्यायाधीशांपुढे चालणार, म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे. फेटाळला गेल्यास जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. सीबीआयची शाखा मुंबईची आणि घटना यावलची, असे असले की अधिकारक्षेत्रावर हरकत येऊ शकते. त्यासाठी अर्जात पहिल्याच परिच्छेदात शाखेचा पत्ता आणि कर्जमंजुरीचे ठिकाण लिहून टाका.

३५(३) ची नोटीस दिली असताना सीबीआयचे वकील अनेकदा न्यायालयात सांगतात की सध्या अटक करायची नाही, म्हणून अर्जच टिकत नाही. ते निवेदन हातचे जाऊ देऊ नका. ते आदेशात नोंदवून घ्या आणि 'अटक करायची झाल्यास ७२ तास आधी लेखी कळवावे' असा आदेश मागा. आपल्याकडे असे आदेश मिळतात. माझे मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात अर्ज तयार ठेवावा, जमल्यास तारखेच्या आधी दाखल करावा, पण तो प्रलंबित आहे हे कारण सांगून हजेरी टाळू नये.

गप्प राहण्याबद्दल. राज्यघटनेचे अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही असे म्हणते. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलीस चौकशीच्या टप्प्यालाही लावले. कलम १८०(२) मध्येही तेच: ज्या उत्तराने स्वतः गुन्ह्यात अडकू, तेवढे उत्तर देण्याची सक्ती नाही. पण सरसकट तोंड मिटून बसलात तर 'असहकार' म्हणून जामिनाला विरोध होतो. नाव, नेमणुका, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे, बँकेची कार्यपद्धती, अधिकारमर्यादा, एवढे मोकळेपणाने सांगावे. ठरावीक व्यवहारावर प्रश्न आला की 'मूळ फाइल दाखवा, पाहून सांगतो.' सहा वर्षांपूर्वीची रक्कम आठवणीतून सांगायची नाही. अंदाजाने दिलेले उत्तर पुढे कागदाशी जुळले नाही की ते खोटे उत्तर म्हणून उभे केले जाते.

पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते (कलम १८१). सही मागितली तर नम्रपणे कलम दाखवा. कोरे कागद किंवा 'स्वखुशीने लिहून देतो' अशी मजकुराची चिठ्ठी मुळीच नाही. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही (साक्ष अधिनियम २०२३, कलम २३), पण तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. वकील पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा हक्क नाही. कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान भेटता येते. खंडपीठाकडून 'दिसेल पण ऐकू येणार नाही' एवढ्या अंतरावर वकील बसू देण्याची परवानगी काही वेळा मिळते. बाहेर आल्यावर त्याच दिवशी, वेळेसह, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे वकिलाच्या नावे लिहून काढावीत.

सही आणि हस्ताक्षराचे नमुने मागतील. १९६१ च्या काठी कालू ओघड निकालापासून कायदा स्पष्ट आहे: नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. न्यायदंडाधिकारी कलम ३४९ खाली तसा आदेशही देऊ शकतात. भांडायला ही जागा नाही. फक्त किती पाने, कोणापुढे, कोणत्या तारखेला दिली ते लिहून ठेवा.

कागद नेताना नोटिशीत मागितलेत तेवढेच, यादी जोडलेल्या पत्रासोबत, प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवून, आणि पोचपावती घेऊनच द्यायचे. फोन घेतला तर जप्तीपत्रावर आयएमईआय आणि हॅश मूल्य (फोनमधला मजकूर नंतर बदलला का हे ओळखायचा आकडा) नोंदवले का ते पाहा. घरझडती झाली तर कलम १०५ प्रमाणे तिचे आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण व्हायलाच हवे.

गिरणाकाठ

वरच्या दादांनी बहुतेक सांगितलेच आहे, मी अटकेपुरते जोडतो. हे घरच्यांनी आजच समजून घ्यावे.

अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात. ईडीच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये हे ठरले. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ते सर्व गुन्ह्यांना लावले. आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि तिथल्या तिथे लेखी देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. रिमांडच्या पहिल्या तारखेलाच वकिलाने न्यायाधीशांना विचारावे: कारणांची प्रत कुठे आहे? 'गुन्हा गंभीर आहे, तपास बाकी आहे' एवढेच लिहिले असेल तर ते कारण झाले नाही. ही हरकत रोजनाम्यात नोंदवून घ्या, नंतर सुचली तर तिची धार जाते. अटकेपासून २४ तासांत हजर करणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी, हे आहेच.

जामीन न मिळाल्यास दिवस मोजायला बसा. कलम १८७(३): ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षा आहे त्यात ९० दिवस, बाकीच्यात ६०. तुमच्या प्रकरणात ४६७ ला जन्मठेप आहे, म्हणून ९०. ते कलम नसते आणि नुसते १३(२) असते (चार ते दहा वर्षे), तर २०१७ च्या राकेशकुमार पॉल निकालाने ६० झाले असते. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा, हे मार्च २०२३ मध्ये ठरले. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आले नाही की त्याच सकाळी अर्ज द्यायचा. दुपारी दोषारोपपत्र दाखल झाले तरी आधी दिलेल्या अर्जाचा हक्क टिकतो. अर्जच दिला नसेल तर हक्क गेला. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण नव्या संहितेत ती तुकड्यातुकड्याने मागता येते, ९० दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेल्यावरही परत मागणी होऊ शकते.

आणि जामीनदार. आपल्या भागात जामीन मंजूर होऊनही माणूस आठ-आठ दिवस आत राहतो तो याच्यापायी. जामीनदाराचा ताजा सातबारा आणि आठ अ, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि रक्कम मोठी असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा असला की हरकत निघते, आणि केळीवाल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर तो बहुधा असतोच. म्हणून बोजा नसलेला किंवा जमिनीच्या किमतीच्या मानाने बोजा किरकोळ असलेला जामीनदार आत्ताच बघून ठेवा. ऐपतीच्या दाखल्याला दिवस लागतात. तोवर काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची परवानगी त्याच अर्जात मागावी.

तपासणी_विभाग

बँकेच्या बाजूचे मी लिहितो. अशा खटल्यात अधिकारी सुटतो किंवा अडकतो तो 'कोणत्या पायरीवर कोणाचे काम होते' या एका गोष्टीवर. नियम मोडला, म्हणजे गुन्हा झालाच असे नाही. कार्यपद्धतीतल्या त्रुटीमागे अप्रामाणिक हेतू दिसत नसेल तर फौजदारी शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या चेंगा रेड्डी प्रकरणात सांगितले आहे. पण त्रुटी आणि हेतू यांच्यातला फरक कागदच दाखवतात, तोंडी सांगून कोणी मानत नाही.

सहाही खात्यांचा एकेक तक्ता करा. अर्जाची तारीख, मंजुरीपूर्व भेट कोणी दिली, प्रक्रिया टिपण कोणी लिहिले, शिफारस कोणाची, मंजुरी कोणाची (शाखेच्या अधिकारात की विभागीय कार्यालयाच्या), मूल्यांकनकार पॅनेलवर कोणी घेतला, तारण मालमत्तेच्या हक्काचा शोध अहवाल कोणत्या वकिलाचा, हप्ते कोणत्या तारखांना कोणाच्या खात्यात, वितरणानंतरची भेट कोणाची. साडेचार कोटींची सगळी कर्जे एकट्या शाखाधिकाऱ्याच्या अधिकारात बसतील असे वाटत नाही. त्या वेळी लागू असलेले अधिकारमर्यादेचे परिपत्रक हा तुमच्या फाइलचा पहिला कागद. आजचे परिपत्रक चालणार नाही, २०१९ चेच हवे.

फिर्यादीचा गाभा आहे की यंत्रे आलीच नाहीत. याला उत्तर बँकेबाहेरच्या कागदांत सापडते. पिकवणी केंद्राला फलोत्पादन अभियानाचे अनुदान घेतले असेल तर ते कर्जाशी जोडलेले आणि काम पूर्ण झाल्यावर मिळणारे असते. त्याआधी संयुक्त तपासणी होते आणि तिचा अहवाल सरकारी कार्यालयात राहतो. महावितरणची मंजूर भारक्षमता आणि महिन्यावारी वापरलेली युनिटे पाहा. कॉम्प्रेसर चालत होते की नाही ते त्यात उघड दिसते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक त्या तारखेला चालू होता का, ई-वे बिल निघाले का, हेही शोधता येते. खात्यांची समवर्ती आणि वैधानिक लेखापरीक्षणे तेव्हा झाली असणार. त्यांत शेरा नसेल तर तो मुद्दा तुमचा. शेरा असून उत्तर दिले नसेल तर तो त्यांचा. तेही आत्ताच कळलेले बरे.

कर्ज का थकले हे वेगळे मांडावे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० रिझर्व्ह बँकेची हप्तेस्थगिती होती. खाते अनुत्पादित (एनपीए) झाल्याची तारीख त्याच्याशी जुळवून पाहा. रावेर-यावल भागात वादळ किंवा सीएमव्ही रोगाने बागा गेल्या असतील तर तहसीलचे पंचनामे आणि पीकविम्याच्या नोंदी असतात. फसवणुकीच्या कलमाला पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू लागतो. धंदा नंतर बसला, तर तो हेतू सिद्ध होत नाही. मात्र पैसे वितरणाच्या चार दिवसांत फिरून परत आले असतील तर रोगाचे कारण तिथे उपयोगी नाही. त्या खात्याचा बचाव वेगळा लिहावा लागेल.

हे कागद मिळवायचे कसे? ओळखीच्या क्लार्ककडून फोटो मागवू नका, दुसऱ्याच्या लॉगिनने प्रणालीत डोकावू नका. दोघेही अडकतील. खात्यांतर्गत चौकशीत आरोपपत्राशी जोडलेले दस्तऐवज पाहण्याचा आणि बचावाचे दस्तऐवज मागण्याचा हक्क आहे, तो पूर्ण वापरा. माहिती अधिकारात तपासाचे कारण सांगून बरेच काही नाकारले जाते, पण परिपत्रके मिळतात.

बँकेच्या आरोपपत्राला उत्तर देताना सर्वांत जास्त काळजी घ्या. तपास अधिकाऱ्यापुढचा जबाब सहसा तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही. बँकेला सहीनिशी दिलेले लेखी स्पष्टीकरण मात्र पोलिसांपुढचे नसते, ते खटल्यात जसेच्या तसे येते. म्हणून आधी दस्तऐवज पाहायला मागा आणि मुदतवाढ मागा. ती मिळाली नाही तर आरोप नाकारल्याचे थोडक्यात उत्तर द्या आणि सविस्तर उत्तर राखून ठेवल्याचे लिहा. फौजदारी वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळही जाऊ नये. दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात. १९९९ च्या पॉल अँथनी निकालात, तथ्ये एकच आणि गुंतागुंतीची असतील तर खात्याची चौकशी थांबवावी असे म्हटले आहे, पण खटला रेंगाळला तर ती पुन्हा सुरू होते. ४८ तासांहून अधिक कोठडी झाली तर निलंबन आपोआप मानले जाते, हे बहिणीला सांगून ठेवा. घरखर्चाची तजवीज लागेल.

केळीपट्टा_यावल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी वेगळ्या वकिलांकडे जातोय. दोन-तीन गोष्टी अजून. एक जण म्हणाला की महाराष्ट्राने सीबीआयला परवानगीच नाकारली होती, त्यावर एफआयआर रद्द होईल. खरे का? ईडी येईल का, आणि आईच्या नावचे घर जाईल का? शेवटचे असे की सहा कर्जदारांपैकी एक सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी शेतकरी आहे. तो म्हणतो, अंगठा घेतला, पण कर्जाचे पैसे मी पाहिलेच नाहीत. तो रोज आमच्या घरी येऊन बसतो. त्याला काय सांगू?

कोर्टआवार_जळगाव

परवानगीचा मुद्दा सोडून द्या. राज्याने सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. तुमचा एफआयआर त्यानंतरचा.

त्याऐवजी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १७अ तपासा. २६ जुलै २०१८ पासून, अधिकाऱ्याने कामाच्या ओघात घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. रंगेहाथ सापळ्याला ती लागत नाही, पण कर्जमंजुरी हा निर्णयच आहे. एफआयआरमध्ये तिचा पत्र क्रमांक आणि तारीख आहे का पाहा. नसेल तर मुद्दा मोठा आहे, पण तो फक्त भ्रष्टाचाराच्या कलमापुरता. ४२० आणि ४६७ त्याने जात नाहीत. म्हणून एफआयआर रद्द करण्याच्या याचिकेची घाई करू नका. खोटी बिले खरी की खोटी, हे उच्च न्यायालय या टप्प्यावर सहसा तपासत नाही. याचिका फेटाळताना तुमच्या विरोधात जाणारी निरीक्षणे आली तर खालच्या न्यायालयात ती तुमच्यासमोर वाचली जातात.

पुढच्या टप्प्यावर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. कलम १९ ची खटल्याची मंजुरी न्यायालयाने दखल घेण्याआधी लागते, आणि २०१८ नंतर ती निवृत्त अधिकाऱ्यालाही लागू आहे. मंजुरी देणाऱ्याने कोणते कागद पाहिले ते उलटतपासणीत विचारायचे असते. दुसरे, दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत डिस्चार्ज अर्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपमुक्त करा असा अर्ज, करावा लागतो (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २६२). सीबीआयचे दोषारोपपत्र हजारो पानांचे असते, त्यामुळे हे ६० दिवस पाने मोजण्यातच जातात. प्रती मिळताच कोणती पाने गहाळ किंवा न वाचता येणारी आहेत त्याचा अर्ज लगेच द्या. तपासात गोळा केले पण दोषारोपपत्रात वापरले नाहीत, अशा कागदांची यादीही मागा. तुमच्या बाजूचे कागद अनेकदा त्याच ढिगात असतात.

ईडीबद्दल: ४२०, ४६७, ४७१, १२०ब आणि भ्रष्टाचाराची कलमे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचित गुन्ह्यांत आहेत, त्यामुळे ईडी येऊ शकते, आलीच पाहिजे असे नाही. आली तर नियम वेगळे. त्या कायद्याच्या कलम ५० च्या समन्सवरचा जबाब सहीचा असतो आणि पुराव्यात चालतो, खोटे सांगितल्यास शिक्षा आहे. सीबीआयपुढे जी मोकळीक आहे ती तिथे नाही, म्हणून दोन्ही ठिकाणची उत्तरे एकाच वकिलाच्या नजरेखाली हवीत. जामिनाला कलम ४५ च्या दोन कडक अटी आहेत. स्त्री, आजारी व्यक्ती किंवा एक कोटीहून कमी रकमेचा आरोप असेल तर त्यात सवलत मिळू शकते. घराची तात्पुरती जप्ती १८० दिवसांची असते आणि ती दिल्लीच्या निर्णय प्राधिकरणाने कायम करावी लागते. आईचे घर २०१९ च्या आधीचे असेल तर खरेदीखत, पैसे कुठून आले याचे बँक उतारे आणि घरपट्टीच्या पावत्या आजच एका फाइलमध्ये लावा. आणि घाबरून ते घर कोणाच्या नावावर करू नका. आत्ताचे हस्तांतर संशय वाढवते.

सातपुडा_पायथा

त्या शेतकरी दादांबद्दल मी बोलते. भाऊ, त्यांना तुमच्या घरी बसू देऊ नका. रागाने नाही, नीट समजावून सांगा. ते आणि तुमचे दाजी एकाच गुन्ह्यात आरोपी आहेत, आणि उद्या त्यांनी काहीही सांगितले तरी 'शाखाधिकाऱ्याच्या घरी पढवले' असे म्हटले जाईल. त्यात त्यांचे खरे सांगणेही मातीमोल होईल. नुकसान दोघांचे आहे, पण त्यांचे जास्त, कारण त्यांच्याकडे दुसरे काही नाही.

त्यांना यावलच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला, आधार आणि मिळालेली नोटीस सोबत न्यावी. दाखला हाताशी नसला तरी अर्ज थांबवू नये, मागून देता येतो. खंडपीठात जायची वेळ आली तर तिथेही उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे. मदतवाहिनीचा क्रमांक १५१००.

त्यांच्या वकिलाने काय शोधायचे तेही लिहिते, कारण नावावर कर्ज काढल्याच्या प्रकरणात हेच लागते. कर्जखात्याला आणि त्याला जोडलेल्या बचत खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला होता? व्यवहाराचे संदेश कोणाच्या फोनवर जात होते? एटीएम कार्ड कोणी घेतले, वितरण नोंदवहीत सही की अंगठा? पैसे काढल्याच्या पावत्यांवर अंगठा असेल तर तो त्यांचाच आहे का? इथे ठशांचा नमुना देणे त्यांच्या फायद्याचे आहे. पावतीवरचा ठसा जुळला नाही तर तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या बाजूने बोलेल. जुळला तर तो कशासाठी घेतला होता ते सांगावे लागेल, पीककर्जासाठी म्हणून, शासकीय योजनेसाठी म्हणून, जे खरे असेल ते. अंगठ्याखाली 'मजकूर वाचून दाखवला, समजला' असा शेरा आणि वाचणाऱ्याची सही आहे का, हेही पाहावे. शेरा मराठीत आणि दस्त इंग्रजीत असेल तर कोणी कोणत्या भाषेत समजावले हा प्रश्न उभा राहतो. घरात पावरी (आदिवासी बोली) बोलणाऱ्या माणसाचा जबाब दुभाष्याशिवाय मराठीत लिहून घेतला असेल तर ती हरकत पहिल्याच अर्जात नोंदवावी.

तपास अधिकारी त्यांना आरोपीऐवजी साक्षीदार करायला तयार होऊ शकतात. तसे झाले तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ खाली जबाब होईल. तो द्यायचा की नाही हे त्यांनी त्यांच्याच वकिलाशी बोलून ठरवायचे, त्यात तुम्ही किंवा दाजींनी एक शब्दही बोलू नये. तो जबाब दाजींच्या विरोधात गेला तरीही.

उद्या सोमवार आहे. प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या वेळेत उघडे असते. त्यांच्यासोबत गावातलेच कोणी वाचता येणारे माणूस जाऊ द्या, तुमच्या घरचे नको.